आत्या गेली, आता आतेबहिणीलाही झालाय – मी माझी जीन टेस्ट करून टाकू का?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी, इथे नुसती वाचत असते, लिहिते क्वचित. विषय जरा जड आहे आणि लांबलाय, आधीच सॉरी.

माझी आत्या, बाबांची सख्खी मोठी बहीण, ४७व्या वर्षी कॅन्सरने गेली. घरात सगळे "पिशवीचा कॅन्सर" म्हणतात, मी तेव्हा कॉलेजला होते, नक्की काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता तिची मोठी मुलगी, वय ३८, तिला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात तो प्रकार. किमो चालू आहे. तिच्या डॉक्टरांनी जीन टेस्ट लिहून दिलीये पण सासरचे म्हणतात आजार तर झालाच आहे, आता टेस्ट करून काय मिळणार, आधीच खर्चाने कंबरडं मोडलंय. त्यांचंही अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही.

मी ३४, सांगलीला असते, पाच वर्षांची मुलगी आहे. फोन उघडला की एका लॅबची जाहिरात येते, घरी येऊन सॅम्पल नेतात, कॅन्सर रिस्क पॅनेल, सध्या डिस्काउंट वगैरे. मी म्हटलं आपणच करून टाकावी ना, निगेटिव्ह आली की डोक्याचा ताप गेला. नवरा म्हणतो कर. बाबा म्हणतात, अगं हा बायकांचा आजार, तो तिच्या घराण्यात गेला, तू माझी मुलगी, तुला माझ्याकडून कसा येईल, आणि तुझ्या आईच्या माहेरी तर कुणालाच काही नाही. हे खरं आहे का? कुणी केलीये का अशी टेस्ट? कुठे जायचं, कुणाला दाखवायचं?

बाबूराव_आपटे:

ताई माझं स्पष्ट मत, नसती उठाठेव करू नका. जे व्हायचंय ते होणार. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आजार व्हायच्या आधीच तुम्ही आजारी पडाल, रात्रीची झोप जाईल. आमच्या आजीला काय टेस्टा केल्या होत्या, ९१ वर्षं जगली.

निशिगंधा:

बाबूराव, आजी ९१ जगली हे छानच, पण या ताईंची आत्या ४७ला गेलीये, दोन्ही घरं वेगळी आहेत हो.

कृष्णाकाठ, मी या चक्रातून गेलेय म्हणून लिहिते. माझ्या आईला ४४व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, आता बरी आहे. तिची पॅनेल टेस्ट (एकदम बरेच जीन बघणारी) केली तेव्हा रिपोर्टमध्ये एटीएम नावाच्या जीनमध्ये व्हीयूएस आला, म्हणजे बदल सापडलाय पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून कळलेलं नाही. आम्हाला कुणी आधी समजावून सांगितलं नव्हतं की असं काही असू शकतं, आम्ही आपले पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच धरून बसलेलो. एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) तर तेवढ्यावरून दुसऱ्या बाजूचाही ब्रेस्ट काढून टाकू म्हणाले!! आई तयारही झाली होती. मग एका ओळखीच्या बाईंनी आग्रह केला म्हणून पुण्यात जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सरळ सांगितलं की व्हीयूएसवर ऑपरेशन करत नाहीत, घरातल्या इतरांची टेस्टही करत नाहीत, फाइलला लावून ठेवा आणि अधूनमधून विचारत राहा. पुढे लॅबनेच सुधारित रिपोर्ट पाठवला, तो बदल बहुधा निरुपद्रवी म्हणून. तेव्हा माझं एकच सांगणं, जाहिरात बघून सॅम्पल देऊ नका. आधी माणूस गाठा, मग टेस्ट.

जनुककारकून:

मी क्लिनिकल जेनेटिक्समध्ये काम करते, कॅन्सरची कुटुंबं हाच रोजचा व्याप. नाव-गाव सांगत नाही, आणि मी इथे लिहिलेलं म्हणजे तुमच्यासाठी प्रिस्क्रिप्शन नाही हे धरून चाला. पण तुमच्या प्रश्नात दोन-तीन गाठी आहेत त्या सोडवता येतील.

आधी बाबांचं. घराण्यात ब्रेस्ट आणि ओव्हरीचा कॅन्सर आणणारे मुख्य दोन जीन, बीआरसीए१ हा १७व्या क्रोमोसोमवर आहे, बीआरसीए२ तेराव्यावर. दोन्ही स्त्री-पुरुष सगळ्यांमध्ये असतात, प्रत्येकात दोन प्रती, एक आईकडून एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर ती प्रत्येक अपत्याकडे जायची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. पुरुषांना ब्रेस्ट आणि ओव्हरीचा त्रास फारसा होत नाही म्हणून तो बिघाड त्यांच्यात गप्प बसतो आणि पुढे मुलीत दिसतो. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांना वडिलांकडची बाजू सांगायचीच नसते, "ती आमच्यात मोडत नाही" म्हणतात. आत्यात बिघाड असेल तर तो तुमच्या आजी किंवा आजोबांकडून आलेला असणार, मग तुमच्या बाबांमध्ये असायची शक्यता ५० टक्के आणि तुमच्यात २५. बाबांचं म्हणणं चुकीचं आहे, पण त्यांना असं तोंडावर सांगू नका, आमच्याकडे घेऊन या, आम्ही सांगतो :)

आता "पिशवीचा". हे कळीचं आहे. आपल्याकडे गर्भाशयाच्या तोंडाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा असे तिन्ही कॅन्सर पिशवीचेच म्हणून सांगितले जातात, आणि आमच्या दृष्टीने तिघांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. तोंडाचा असेल तर तो बहुतेक एचपीव्ही व्हायरसमुळे, घराण्याशी संबंध नाही. अस्तराचा असेल तर डोक्यात लिंच सिंड्रोम (घराण्यात आतड्याचे आणि अस्तराचे कॅन्सर आणणारा बिघाड) येतो, मग मी आतड्याच्या कॅन्सरचं कुणी आहे का ते खोदून विचारणार. अंडाशयाचा असेल तर बीआरसीए. लेकीला ३८व्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह म्हटल्यावर माझा अंदाज तिसऱ्याकडे जातो, कारण हा प्रकार बीआरसीए१वाल्यांत जास्त दिसतो, पण अंदाजावर फाइल चालत नाही. आत्याचा जुना डिस्चार्ज पेपर, बायोप्सीचा रिपोर्ट, निदान ऑपरेशनचा कागद, काहीही शोधा. लोक ट्रंकेतून, देवघराच्या फडताळातून काढून आणतात, तेच सोनं असतं आम्हाला.

ओपीडीत आमचा पहिला बराच वेळ नातीगोती विचारून घराण्याचं झाड काढण्यातच जातो. तीन पिढ्या, दोन्ही बाजू, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कुणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, कोण गेलं, आणि ज्यांना काहीच झालं नाही ते किती वर्षं जगले हेसुद्धा. ज्या घरात सगळे मुलगेच आहेत तिथे झाड वरवर स्वच्छ दिसतं आणि तरी बिघाड असू शकतो. आणि आपल्याकडचा एक खास घोळ म्हणजे तिशी-पस्तिशीतच पिशवी काढून टाकलेल्या बायका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या म्हणून सगळ्यांना कळलं, पण आम्हाला ते झाड काढताना रोज दिसतं. सोबत अंडाशयही काढली असतील तर त्या बाईला ओव्हरीचा कॅन्सर झाला असता की नाही हे कळायचा मार्गच बंद झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा, टेस्ट कुणाची. तुमची नाही. निदान आधी तुमची नाही. ज्या व्यक्तीला आजार झालाय आणि जी हयात आहे तिची आधी. समजा तुम्ही पॅकेज घेतलं आणि निगेटिव्ह आलं. त्याचा अर्थ काय? एक तर घरात बीआरसीएचा बिघाड आहे आणि तो नेमका तुमच्याकडे आला नाही, मग तुमची रिस्क साध्या बाईएवढी. किंवा घरातला बिघाड त्या टेस्टला दिसणाराच नव्हता, मग तुमची रिस्क होती तिथेच. कागदावर दोन्ही ठिकाणी एकच शब्द, "निगेटिव्ह". तुम्ही म्हणता सुटले, आणि सुटलात की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. आतेबहिणीत बदल सापडला तर मग तुमच्याकडे फक्त तेवढी एक जागा बघायची. अख्ख्या मतदार यादीत कुठे चूक आहे का ते शोधत बसणं आणि पान नंबर-ओळ नंबर घेऊन थेट तिथे जाऊन बघणं, एवढा फरक. पैशातही तेवढाच. पूर्ण पॅनेलला लॅबनुसार वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात, एका ओळखीच्या बदलाची टेस्ट त्याच्या मानाने फार स्वस्तात होते.

आणि सासरच्यांना हे सांगा की ही टेस्ट माहेरच्यांसाठी उपकार म्हणून करायची नाहीये, तिच्या स्वतःच्या उपचारासाठी आहे. बीआरसीए पॉझिटिव्ह निघाली तर ऑपरेशन कुठलं करायचं हा निर्णय बदलू शकतो, कारण बीआरसीए१ असेल तर दुसऱ्या बाजूला वीस वर्षांत कॅन्सर व्हायची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास सापडलीये. शिवाय ओलापारिब नावाच्या गोळ्या आहेत, ज्यांना परत उलटायची भीती जास्त आहे अशा बीआरसीएवाल्या पेशंटना वर्षभर दिल्या तर आजार परत यायचं प्रमाण कमी होतं, हे २०२१ मध्ये मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं. तिच्या डॉक्टरांनी उगाच नाही लिहिलेलं. किमो चालू असतानाही रक्त देता येतं, जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये थोडंसं रक्त, उपाशीपोटी वगैरे काही नाही. रिपोर्टला तीन-चार आठवडे धरा. लॅबला एक विचारा, मोठे तुकडे गायब झालेले दाखवणारी टेस्ट, एमएलपीए किंवा तत्सम, त्यात धरलीये का. काही स्वस्त पॅनेलमध्ये ती नसते.

टेक्सासकर:

जनुककारकून यांनी लिहिलेलं वाचून आमच्या घरचंच वाचतोय असं वाटलं. आमच्याकडे उलट्या बाजूने कळलं. माझ्या मोठ्या भावाला ५२व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सर, हाडापर्यंत गेलेला. इकडे अशा पेशंटची जीन टेस्ट रुटीनमध्येच सांगतात, बीआरसीए२ निघाला. प्रोस्टेटचा आणि बायकांच्या ब्रेस्टचा काय संबंध असं मलाही वाटलं होतं. मग कळलं की बीआरसीए२ असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटची रिस्क बरीच वाढते, ती पण जहाल प्रकारची, आणि पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो, कमी असला तरी बीआरसीए२वाल्यांत शंभरात सहा-सात जणांना. आम्ही डोंबिवलीच्या बहिणीला फोन केला, ती आधी चिडली, आठ दिवस बोलली नाही, मग गेली टाटाला, पॉझिटिव्ह. तिने दोन्ही अंडाशय आणि नळ्या काढून घेतल्या, दुर्बिणीतून, दुसऱ्या दिवशी घरी. ब्रेस्टचं तिने ऑपरेशन नको म्हटलं, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करते. प्रत्येकाचा निर्णय वेगळा असू शकतो हे मला तिच्याकडून समजलं.

इकडे सगळ्यांना हा विषय अँजेलिना जोलीमुळे माहीत, बीआरसीए१ निघाला म्हणून आजार नसताना दोन्ही ब्रेस्ट काढून घेतल्याचं मे २०१३ मध्ये तिने लिहिलं होतं. तिनेच त्यात म्हटलेलं की टेस्टला तीन हजार डॉलरच्या वर लागतात आणि बऱ्याच बायकांना ते परवडत नाही. त्याचं कारण पेटंट, मिरियड नावाची एकच कंपनी ती टेस्ट विकत होती. पुढच्याच महिन्यात इकडच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की निसर्गात आहे तशा डीएनएवर पेटंट चालणार नाही, आणि त्यानंतर बाकीच्या लॅब उतरल्या, दर पडले. जोलीची बातमी सगळीकडे झाली, कोर्टाची कुणाला आठवत नाही, खरा फायदा कोर्टाने केला असं माझं मत.

कृष्णाकाठ:

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. जनुककारकून मॅडम, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी स्वतःच आत्याच्या यजमानांना फोन करून जुन्या कागदांचं विचारलं. डिस्चार्ज कार्ड मिळालंय, त्यावर ओव्हरी असंच लिहिलंय, पुढचं अक्षर लागत नाही. आतेबहिणीशी मी बोलले, उपचारासाठी उपयोग आहे म्हटल्यावर ती तयार झाली, भाऊजींनाही पटलं. रक्त दिलंय.

आता पुढचे प्रश्न. तिचा पॉझिटिव्ह आला तर आम्ही तिघं भावंडं, मी, धाकटा भाऊ आणि सगळ्यात धाकटी बहीण, तिघांनीही करायची का? माझ्या मुलीची पण आत्ताच करून घ्यावी का म्हणजे तिला पुढे त्रास नको? आत्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तिची काही टेस्ट होऊ शकते का? आणि इन्शुरन्सचं काय, कुणी म्हणालं पॉझिटिव्ह आलं की पॉलिसी मिळत नाही. अजून एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही पण घरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरायच्या बेतात आहे, आत्याच्याच मुलाशी, आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे. त्यामुळे आई म्हणते आत्ता कुणी टेस्टचं नावच काढू नका.

पॉलिसीवाला_मिलिंद:

इन्शुरन्सचं मी सांगतो, याच धंद्यात आहे. हेल्थ पॉलिसीत पूर्वी "जेनेटिक डिसऑर्डर" असं एक्सक्लूजन घालायचे आणि क्लेम उडवायचे. हृदयाच्या स्नायूच्या आजाराच्या एका पेशंटचा क्लेम असाच नाकारला, ते प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, २०१८च्या फेब्रुवारीत कोर्टाने सांगितलं हा भेदभाव आहे, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आयआरडीएआयने (इन्शुरन्सवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कंपन्यांना पत्र काढलं की एवढ्या कारणावर क्लेम नाकारू नका. तरी अमेरिकेत २००८ पासून जसा जेनेटिक माहितीवरून भेदभाव करू नये असा वेगळा कायदा आहे तसा आपल्याकडे नाही. (त्यांच्याही कायद्यात लाइफ इन्शुरन्स धरलेला नाही, लोकांना वाटतं सगळं कव्हर आहे.) माझा प्रॅक्टिकल सल्ला, टर्म आणि हेल्थ दोन्ही घ्यायचंच आहे तर टेस्टच्या आधी घ्या, आणि फॉर्ममध्ये जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, फॅमिली हिस्टरीचा कॉलम असतो तिथे आत्या विचारली असेल तर आत्या लिहा. लपवलेलं नंतर क्लेमच्या वेळी बाहेर येतं आणि तेव्हा भांडायला तुमच्याकडे काही राहत नाही. एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तर एजंट बदला.

बाबूराव_आपटे:

हे लग्नाचं मात्र आई बरोबर म्हणतायत. एकदा बोभाटा झाला की धाकटीचं कुठेच जमायचं नाही, मुलाकडचे तर आपलेच आहेत, झाकली मूठ.

जनुककारकून:

बाबूराव, इथे मूठ झाकून उपयोग नाही, उलट याच घरात लग्न ठरतंय म्हणून आधी कळायला हवं. ताई, संबंध आहे का विचारलंत, चांगलाच आहे, बरं झालं लिहिलंत.

आत्याचा मुलगा हा आजारी आतेबहिणीचा सख्खा भाऊ. बिघाड आत्याकडून आला असेल तर त्याच्यात असायची शक्यता ५० टक्के, तुमच्या बहिणीत २५. हे दोघं वेगवेगळ्या घरी लग्न करतील तर प्रत्येकाच्या मुलांना फक्त नेहमीची निम्मी शक्यता. पण दोघंही तोच बिघाड घेऊन एकमेकांशी लग्न करतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या येतील. बीआरसीए२ किंवा पीएएलबी२ (ब्रेस्टची रिस्क वाढवणारा आणखी एक जीन) असेल तर अशा बाळाला फॅन्कोनी ॲनिमिया होतो, बोन मॅरो निकामी होत जातो, लहानपणीच ब्लड कॅन्सर किंवा मेंदूच्या, किडनीच्या गाठी होऊ शकतात. बीआरसीए१च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर बहुतेक गर्भ टिकतच नाहीत, फार थोडी मुलं जगलेली नोंदलीयेत. म्हणून आधी आतेबहिणीचा रिपोर्ट येऊ द्या, काही निघालं तर लग्नाआधी तुमच्या बाबांची आणि त्या मुलाची तेवढ्याच एका बदलाची टेस्ट करा. दोघांपैकी एकात नसेल तर या कारणासाठी लग्न अडवायचं काही कारण नाही. दोघांतही निघाला तर मग बहिणीची. लग्न करू नका असं सांगायचा आम्हाला अधिकार नाही आणि आम्ही सांगतही नाही, पण कळून केलेलं लग्न आणि न कळता केलेलं लग्न यात मला फरक वाटतो. आईंना यावं असं वाटलं तर त्यांनाही घेऊन या, माझ्या अनुभवात आईच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. तिघा भावंडांनी लाइन लावायची गरज नाही, आधी बाबा. बाबांमध्ये तो बदल नसेल तर तुम्हा तिघांकडे तो त्यांच्याकडून येऊच शकत नाही, एका टेस्टमध्ये विषय संपला. असा निकाल आला की बिघाड आत्याकडे होता की तिच्या यजमानांच्या घरचा होता हा प्रश्न राहतो, तो त्या बाजूच्या लोकांसाठी महत्त्वाचा, कारण आतेबहिणीला आईकडूनच आला असेल असं आपण आत्ता फक्त धरून चाललोय. बाबांमध्ये सापडला तर मग तुम्ही तिघं, आणि बाबांची स्वतःची प्रोस्टेटची तपासणी सुरू करायची, टेक्सासकर म्हणतात ते अगदी खरं.

मुलीची आत्ता अजिबात नको. हे कॅन्सर लहानपणी होत नाहीत, पाचव्या वर्षी कळून तिच्यासाठी काहीही वेगळं करायचं नसतं. ती १८ची झाली की तिने स्वतः ठरवायचं, करायची की नाही हेसुद्धा. काही जीन याला अपवाद आहेत, डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा, आतड्यात शेकडो पॉलिप होणारा एफएपी, टीपी५३ जीनचा ली-फ्रॉमेनी (लहान वयापासून वेगवेगळे कॅन्सर होणारा), तिथे लहान वयातच तपासण्या सुरू कराव्या लागतात म्हणून मुलांचीही टेस्ट करतात. तुमच्या घरची गोष्ट तशी वाटत नाही.

आत्याचं. ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली असेल तर गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि पॅथॉलॉजी लॅब ते बरीच वर्षं सांभाळतात. अर्ज करून मिळू शकतो. त्यातला डीएनए तुटका-फुटका असतो, शिवाय गाठीत स्वतःचे नवे बदल झालेले असतात म्हणून रक्तासारखा भरवसा नाही. पण मुलीत बदल सापडला आणि तो आईकडून आला का एवढंच बघायचं असेल तर कधीकधी काम होतं. मी मात्र आधी बाबांचं रक्त घेईन, सोपं आणि खात्रीचं.

रिपोर्ट आल्यावर आमचं काय काम असतं हे लोकांना माहीत नसतं, मशीनने सांगितलं की झालं असं वाटतं. मशीन फक्त बदल दाखवतं. तो बदल निरोगी लोकांमध्ये किती सापडतो, त्याने प्रोटीन मध्येच तुटतं का, घरातल्या आजारी माणसांत आहे आणि धडधाकटांत नाही असं दिसतं का, आधी कुणी नोंदवलाय का, हे सगळं बघून पाच पायऱ्यांत बसवावा लागतो, घातक, बहुधा घातक, व्हीयूएस, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. २०१५ पासून सगळीकडे साधारण हीच पद्धत. अडचण अशी की जगातला आत्तापर्यंतचा डेटा मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांचा, त्यामुळे आपल्या माणसात एखादा बदल दिसला की तो आजाराचा की आपल्याकडे सर्रास असणारा, हेच ठरत नाही आणि व्हीयूएस जास्त निघतात. निशिगंधा यांच्या आईचं तेच झालं असणार. जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पात देशभरातल्या १०,००० लोकांचा जीनोम वाचलाय, त्याने हे हळूहळू सुधारेल असं वाटतं. अशा कामात चुकून घातक म्हटलं तर कुणाचं अंडाशय जातं, चुकून निरुपद्रवी म्हटलं तर कुणाचा जीव, म्हणून आम्ही कधीकधी एका रिपोर्टवर दिवसभर अडून बसतो आणि पेशंट फोन करून वैतागतात, त्यांचंही बरोबरच.

निशिगंधा:

पॉझिटिव्ह आला तर रिस्क नक्की किती धरायची हो मॅडम? आम्हाला एकाने ८७ टक्के सांगितलेलं, तेही बहुतेक जोलीचंच होतं.

जनुककारकून:

हो तो तिचा आकडा, तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितलेला. नंतरच्या मोठ्या अभ्यासात, २०१७चा, ८० वर्षं वयापर्यंत बीआरसीए१ला ब्रेस्टची रिस्क ७२ टक्के आणि ओव्हरीची ४४, बीआरसीए२ला ६९ आणि १७ अशी आली. तोही बहुतेक पाश्चात्त्य कुटुंबांवर. म्हणजे पॉझिटिव्ह असूनही काही जणींना काहीच होत नाही, आणि कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही. ओव्हरीच्या बाबतीत मी जास्त आग्रही असते, कारण तिथे सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करत राहून जीव वाचतात असं इंग्लंडच्या प्रचंड मोठ्या ट्रायलमध्येही दिसलं नाही. म्हणून मुलंबाळं झाली की बीआरसीए१ला ३५ ते ४०मध्ये, बीआरसीए२ला थोडं उशिरा, अंडाशय आणि नळ्या काढायचा सल्ला देतात. पाळी अचानक बंद होते, त्याचे त्रास खरे आहेत, हाडांकडे बघावं लागतं, ते आधी बोलायचं. ब्रेस्टला मात्र लक्ष ठेवणं हा खरा पर्याय आहे, २५पासून वर्षाला एमआरआय, ३०पासून सोबत मॅमोग्राफी.

कृष्णाकाठ:

एमआरआय सांगलीत होईल का? की दरवर्षी मुंबई? आणि आतेबहिणीचा रिपोर्ट तिच्या परवानगीशिवाय आम्हाला दाखवतील का, तिचं काही सांगता येत नाही, कधी हो कधी नाही.

जनुककारकून:

एमआरआय मशीन बऱ्याच ठिकाणी असतं, विचारायचं ते हे की ब्रेस्ट कॉइल (ब्रेस्टच्या एमआरआयला लागणारा खास भाग) आहे का आणि ब्रेस्ट वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे का. सांगली-मिरज-कोल्हापुरात फोन करून बघा, नाहीच तर पुणे. समुपदेशन आणि टेस्टसाठी टाटाची कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे, बऱ्याच गोष्टी पहिल्या भेटीनंतर फोनवरही होतात, एवढ्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई नको.

रिपोर्ट तिचा आहे, तिच्या परवानगीशिवाय कुणीही दाखवणार नाही, आणि दाखवूही नये. पण टेस्टच्या आधी जो संमतीचा फॉर्म भरतात त्यावर रिपोर्ट कुठल्या नातेवाइकांना सांगितलेला चालेल ते लिहून घेता येतं. रक्त दिलंय म्हणजे फॉर्म भरला असेल, पण ते लिहून घेतलंय का विचारा, नसेल तर अजूनही लिहून देता येईल. तुमच्या बाबांच्या टेस्टला आम्हाला तिच्या रिपोर्टवरची बदलाची नेमकी ओळ लागेल, नुसतं "पॉझिटिव्ह आहे" चालत नाही, म्हणून शक्य असेल तर रिपोर्टची पूर्ण झेरॉक्स, एक पानही न गाळता. आणि एमआरआयची वेळ आली तर पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसातली तारीख घ्या, नाहीतर फिल्मवर नको ते दिसतं आणि उगाच बायोप्सीला पाठवतात.